कर्णा-ध्वनिक्षेपकातील मध्यपट्ट्याची निवड : पाचशे हर्ट्झच्या सीमारेषेचा इतिहास

प्रास्ताविक

मराठीत 'कर्णा' हा शब्द प्रथम वाद्याचा. देवळातील पूजेत किंवा मिरवणुकीत फुंकले जाणारे लांब पितळी वाद्य ते कर्णा. पुढे ग्रामोफोनचे पसरट तोंड आणि सभेच्या मांडवात खांबाला बांधलेला ध्वनिक्षेपक यांनाही लोकांनी हेच नाव दिले. हे नामकरण अचूक होते, कारण या तिन्ही वस्तूंचे तत्त्व एकच आहे : अरुंद कंठातून सुरू होऊन हळूहळू रुंदावत जाणारी आणि मुखाशी मोकळ्या हवेत मिसळणारी पोकळी. खांबावरच्या कर्ण्यातून आलेले भाषण दूर शेतात उभ्या असलेल्या माणसालाही शब्दन् शब्द कळते. परंतु त्याच कर्ण्यातून ढोलकीचा घुमारा येत नाही आणि झांजेची किनारही येत नाही. हा कर्णा केवळ मधला पट्टा वाजवतो आणि भाषणासाठी तेवढे पुरते.

चित्रपटगृहात किंवा संगीताच्या श्रवणात तेवढे पुरत नाही. तेथे खालचे, मधले आणि वरचे स्वर वेगवेगळ्या साधनांकडे सोपवावे लागतात आणि मग प्रश्न उभा राहतो : 'मधला' पट्टा कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो? माणसाला ऐकू येणारा विस्तार साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे जवळजवळ दहा सप्तकांचा मानला जातो. त्यात मध्यपट्टा नेमका कोणता, हे निसर्गाने ठरवून दिलेले नाही. कर्णा-ध्वनिक्षेपकांच्या इतिहासात या पट्ट्याची खालची सीमा ३००, ४००, ५०० आणि ८०० हर्ट्झ अशा निरनिराळ्या ठिकाणी आखली गेली. त्यांपैकी ५०० हा आकडा सर्वांत चिवट ठरला. तो कानाच्या रचनेतून आलेला नसून १९३० आणि १९४० च्या दशकांतील अमेरिकन चित्रपटगृहात झालेल्या एका तडजोडीतून आला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

कर्ण्याचे गणित आणि त्यातील पेच

ए. जी. वेब्स्टर यांनी १९१९ मध्ये कर्ण्यातील ध्वनीचे समीकरण मांडले. सी. आर. हॅना आणि जे. स्लेपियन यांनी १९२४ मध्ये घातांकी कर्ण्याची उपयुक्तता दाखवून दिली. अशा कर्ण्याचे आडवे क्षेत्रफळ ठरावीक अंतरागणिक दुप्पट होत जाते. हे अंतर जितके मोठे, तितकी कर्ण्याची छेद-वारंवारता खाली येते. छेद-वारंवारतेच्या खाली कर्णा पटलावर भार घालू शकत नाही आणि ध्वनी जवळजवळ बाहेरच पडत नाही. शिवाय, तेथपर्यंत तो नीट चालावा यासाठी मुखाचा परीघ त्या वारंवारतेच्या तरंगलांबीएवढा असावा, असा ढोबळ नियम आहे.

हे नियम आकड्यांत घातले की पेच स्पष्ट होतो. एक इंची कंठापासून सुरुवात करून ५०० हर्ट्झचा कर्णा बांधायचा तर मुखाचा व्यास सुमारे २२ सेंटिमीटर आणि लांबी सुमारे २४ सेंटिमीटर पुरते. ३०० हर्ट्झसाठी व्यास ३६ आणि लांबी ४८ सेंटिमीटर लागते. तीच सीमा ६० हर्ट्झपर्यंत खाली आणायची तर मुख १.८ मीटर रुंद आणि कर्णा जवळजवळ ३.९ मीटर लांब होतो. व्यवहारात छेद-वारंवारतेच्या अगदी काठावर कर्णा कोणी वापरत नाही. काही अंतर राखून वापरतात, म्हणून प्रत्यक्षातील मापे याहूनही मोठी होतात.

तेव्हा मध्यपट्टा खाली ताणण्याची पहिली किंमत आकाराची. दुसरी किंमत पटलाच्या हालचालीची आहे. कर्ण्याचा भार नीट पडत असताना सारखाच आवाज काढायचा तर वारंवारता निम्मी झाल्यावर पटलाला दुप्पट हलावे लागते. ८०० ऐवजी ५०० हर्ट्झपासून काम सुरू केले तर खालच्या टोकाला पटलाचे स्थानांतर १.६ पट होते. फेज प्लगपासून मिलिमीटरच्या काही अंशावर बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पटलाला ही वाढ लहान नाही.

तिसरी किंमत सर्वांत उशिरा ध्यानात आली आणि आजही ती पुष्कळदा विसरली जाते. ए. एल. थुरास, आर. टी. जेंकिन्स आणि एच. टी. ओ'नील यांनी १९३५ मध्ये दाखवून दिले की, तीव्र ध्वनी वाहताना खुद्द हवाच विकृती निर्माण करते. कंठात दाब फार मोठा असतो. तेथे हवेचे आकुंचन आणि प्रसरण सारखे राहत नाही आणि मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट वारंवारतेचा स्वर उमटतो. घातांकी कर्ण्यात ही विकृती वाजवलेली वारंवारता आणि छेद-वारंवारता यांच्या गुणोत्तराच्या प्रमाणात वाढते. २५० हर्ट्झ छेद-वारंवारतेच्या कर्ण्यात १,००० हर्ट्झला हे गुणोत्तर चार असते, तर ५,००० हर्ट्झला ते वीस होते. कंठातील तीव्रता तीच राहिली तरी विकृती पाचपट होते. कारण सरळ आहे : खालच्या स्वरांसाठी बांधलेला कर्णा सावकाश रुंदावतो, त्यामुळे वरचे स्वर अरुंद नळीत जास्त वेळ कोंडून राहतात. एकाच कर्ण्याकडून फार खाली आणि फार वर, दोन्हीकडे काम मागितले की तो वरच्या टोकाला ते वसूल करतो. मध्यपट्ट्याची रुंदी साधारण तीन ते चार सप्तकांच्या आसपास का राहिली, याचे एक कारण येथे आहे.

एकच ड्रायव्हर, एकच कर्णा

बोलपटाच्या आरंभी हे पेच कोणी सोडवले नव्हते. ते टाळले होते. ६ ऑगस्ट १९२६ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'डॉन वॉन' हा व्हिटाफोन चित्रपट दाखवला गेला, तेव्हाच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक यंत्रणेच्या केंद्रस्थानी ई. सी. वेंट आणि थुरास यांनी बेल प्रयोगशाळेत घडवलेला ५५५ हा ड्रायव्हर होता. ड्रायव्हर म्हणजे पटल, त्याला जोडलेले वेटोळे आणि चुंबक यांचा संच. त्याचे वर्णन करणारा निबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळचे ॲम्प्लिफायर मोजक्या वॅटचे होते आणि हजार-दोन हजार प्रेक्षकांचे सभागृह त्यांतून भरायचे होते. साध्या कागदी शंकूच्या ध्वनिक्षेपकात विद्युतशक्तीचा फार थोडा भाग ध्वनीत उतरतो, तर ५५५ मध्ये कर्ण्याच्या मदतीने हे प्रमाण निम्म्याच्या आसपास गेले. कर्णा हा त्या काळी आवडीनिवडीचा नव्हे, तर गरजेचा विषय होता.

हा एक ड्रायव्हर गुंडाळलेल्या लांबलचक कर्ण्याच्या कंठाशी बसवलेला असे आणि त्याच्याकडूनच सर्व स्वर काढून घेतले जात. कर्णा गुंडाळण्याचे कारण वरच्या गणितात आहेच. चार मीटरची सरळ नळी पडद्यामागे ठेवायची कोठे? या यंत्रणेत मध्यपट्टा असा वेगळा नव्हता. जे वाजत होते तो मुख्यतः मध्यपट्टाच होता, आणि खाली-वर जे काही मिळे ते पदरात पडलेले दान होते. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' झळकला, तेव्हा अमेरिकेतही या एकट्या कर्ण्याची सद्दी संपलेली नव्हती.

ती संपत आली होती, एवढे मात्र खरे. एल. जी. बॉस्टविक यांनी १९३० मध्ये बारा हजार हर्ट्झपर्यंत जाणाऱ्या लहान कर्ण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे वेस्टर्न इलेक्ट्रिकने जुन्या यंत्रणेत भर घालून विस्तारित पट्ट्याची योजना आणली : खाली मोठे शंकू, वर बॉस्टविकचा कर्णा आणि मध्ये तोच जुना ५५५. सीमा ३०० आणि ३,००० हर्ट्झला आखल्या गेल्या. या दोन आकड्यांकडे जरा थांबून पाहावे. टेलिफोनच्या तारेवरून पाठवला जाणारा आवाज साधारण याच पट्ट्यातला असतो. दूरध्वनीच्या संशोधनातून घडलेल्या अभियंत्यांनी चित्रपटगृहातही 'मध्य' म्हणून जो पट्टा वेगळा काढला तो बोलण्याचा पट्टा होता. हा योगायोग नसावा.

टाचांचा दुहेरी ठोका

विस्तारित योजनेने स्वरांचा विस्तार वाढवला, परंतु एक नवा दोष पदरी आणला. ५५५ चा आवाज लांब गुंडाळलेल्या कर्ण्यातून फिरून येई, आणि शंकूंचा व वरच्या कर्ण्याचा थेट येई. तीन भाऊ एकाच घरातून निघाले, पण एक वळसा घालून आला, अशी ती अवस्था होती.

मधल्या काळात बेल प्रयोगशाळेने वेगळी वाट दाखवली. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फिया वाद्यवृंदाचे वादन तारांवरून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये पोहोचवण्यात आले. फिलाडेल्फियात वाद्यवृंदाचे संचालन अलेक्झांडर स्मॉलेन्स करीत होते आणि लिओपोल्ड स्टोकोव्हस्की वॉशिंग्टनमध्ये नियंत्रणाशी बसले होते. हार्वे फ्लेचर यांच्या नेतृत्वाखालील या प्रयोगात ४० ते १५,००० हर्ट्झचा विस्तार साधला होता. प्रत्येक ध्वनिक्षेपक दोनच भागांचा होता. खालच्या स्वरांसाठी मोठा दुमडलेला कर्णा आणि ३०० हर्ट्झच्या वर सर्व काही सांभाळणारा अनेक कप्प्यांचा कर्णा. म्हणजे मध्य आणि वर यांची सांधणीच काढून टाकली होती.

हॉलिवूडमध्ये एम.जी.एम. स्टुडिओच्या ध्वनिविभागाचे प्रमुख डग्लस शीअरर यांनी हीच कल्पना चित्रपटगृहाला परवडेल अशा रूपात आणायचे ठरवले. जॉन हिलियर्ड त्यांचे अभियंते होते, तर ड्रायव्हर घडवण्याचे काम जेम्स बी. लान्सिंग यांच्या कारखान्याकडे आले. या कामाशी निगडित एक हकिकत प्रसिद्ध आहे. नर्तिका एलिनॉर पॉवेल यांच्या टॅप नृत्याचे मुद्रण बेलच्या धर्तीच्या यंत्रणेवर ऐकताना बुटाच्या एका ठोक्याचे दोन ठोके ऐकू येऊ लागले. खालचा कर्णा वरच्यापेक्षा काही फूट लांब होता, आणि त्या ठोक्याचा खालचा अंश मागाहून येत होता. ध्वनी एका सेकंदात सुमारे १,१३० फूट जातो. आठ फुटांचा फरक असेल तर विलंब सात मिलिसेकंदांचा होतो. संवादात किंवा तंतुवाद्यांच्या संथ सुरावटीत हा विलंब खपून गेला असता. टाचेच्या कोरड्या, तुटक ठोक्याने तो उघडा पाडला.

यातून शीअरर यांच्या यंत्रणेने घेतलेला निर्णय मध्यपट्ट्याच्या इतिहासात निर्णायक ठरला. खालचा कर्णा आखूड करून दोन्ही भाग जवळजवळ एका पातळीत आणण्यात आले. आखूड केल्यामुळे अगदी खालचे स्वर काहीसे गमावले, पण सांधा जुळला. विभाजन कोठे करावे, याबाबतही एक तर्क पक्का झाला. ३,००० हर्ट्झला तरंगलांबी अवघी ११ सेंटिमीटर असते. तेथे दोन ड्रायव्हरमधील अर्ध्या मीटरचे अंतर म्हणजे चार-पाच तरंगलांबींचा घोळ, आणि कानही तेथेच सर्वांत तीक्ष्ण. ५०० हर्ट्झला तरंगलांबी ६९ सेंटिमीटर होते. तेथे सांधा बराच सुसह्य राहतो. व्यंजनांचा भार वाहणारा पट्टा एकाच पटलाकडे अखंड सोपवावा आणि शिवण त्याच्या बऱ्याच खाली घालावी, हे सूत्र येथून रूढ झाले. १९३६ सालासाठी अकादमीचा तांत्रिक पुरस्कार शीअरर आणि त्यांच्या विभागाला मिळाला, त्यात या व्यवहार्य दोन-भागी कर्ण्याचा स्पष्ट उल्लेख होता.

शिवण ३०० हर्ट्झलाच का राहिली नाही, याचे उत्तर आकार आणि टिकाऊपणा यांत आहे. बेलचा प्रयोग एका रात्रीचा होता. चित्रपटगृहातील ड्रायव्हर दिवसाला तीन-चार खेळ, वर्षानुवर्षे वाजवायचा होता.

पाचशे आणि आठशे

लान्सिंग यांच्या कारखान्याने १९३७ मध्ये स्टुडिओसाठी आणलेल्या 'आयकॉनिक' या लहान ध्वनिक्षेपकात पावणेदोन इंची पटल आणि ८०० हर्ट्झचे विभाजन होते. जागा लहान, पटल लहान, म्हणून सीमा वर. १९४१ मध्ये तो कारखाना आल्टेकने घेतला. १९४५ मध्ये आल्टेक लान्सिंगचे 'व्हॉइस ऑफ द थिएटर' हे ध्वनिक्षेपक आले आणि त्यांतील मोठ्या प्रकारांत २८८ या सुमारे पावणेतीन इंची पटलाच्या ड्रायव्हरला ५०० हर्ट्झपासून कामाला लावले होते. त्यांतीलच ए-७ हा लहान प्रकार पुढे दोन रूपांत मिळू लागला : ५११ क्रमांकाच्या कर्ण्यासह ५०० हर्ट्झचा आणि ८११ क्रमांकाच्या कर्ण्यासह ८०० हर्ट्झचा. आकडा कर्ण्याच्या नावातच शिरला होता. ८११ आटोपशीर होता आणि पटलाला सुरक्षित होता. ५११ मोठा होता, पण माणसाच्या आवाजाचा अधिक भाग एका ठिकाणाहून देत होता. ग्राहकाने कोणता घ्यावा, याला एकच उत्तर नव्हते.

जर्मनीत क्लांगफिल्मच्या 'युरोडिन' या चित्रपटगृहातील ध्वनिक्षेपकातही विभाजन ५०० हर्ट्झलाच होते. लान्सिंग यांनी १९४६ मध्ये स्वतंत्र संस्था काढली. १९४९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे त्या संस्थेने १९५४ मध्ये आणलेला ३७५ हा चार इंची पटलाचा ड्रायव्हर वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ५९४-ए वरून बेतलेला होता. १९५७ च्या 'पॅरागॉन' या भव्य घरगुती ध्वनिक्षेपकात तो ५०० ते ७,००० हर्ट्झ एवढा पट्टा सांभाळत असे. चित्रपटगृहाचा आकडा असा बैठकीच्या खोलीत पोहोचला.

कोपऱ्यातला कर्णा

घरगुती श्रवणात मात्र आणखी एक वाट होती, आणि तिने प्रश्न उलटा करून दाखवला. पॉल क्लिप्श यांनी खोलीच्या कोपऱ्याचाच कर्ण्याच्या मुखासारखा उपयोग करणाऱ्या दुमडलेल्या रचनेचे पेटंट १९४५ मध्ये मिळवले आणि १९४६ पासून आर्कान्सा राज्यातील होप या गावी 'क्लिप्शहॉर्न' बनवायला सुरुवात केली. दुमडलेल्या मार्गात लांब तरंग निमूट वळतात, आखूड तरंग भिंतींवर आपटून विस्कटतात. म्हणून हा खालचा कर्णा चार-पाचशे हर्ट्झच्या वर विश्वासाने चालत नाही. परिणामी मधल्या कर्ण्याने कोठून सुरुवात करावी हे मधल्या कर्ण्याच्या हाती राहिलेच नाही. ते खालच्याने ठरवून टाकले. के-४०० हा मधला कर्णा ४०० हर्ट्झपासून वापरात आला आणि ६,००० हर्ट्झला तिसरा, लहान कर्णा जोडला गेला. नंतरच्या आवृत्त्यांत या सीमा ४५० आणि ४,५०० हर्ट्झवर आल्या.

वरची सीमा खाली का आली, याचे स्पष्टीकरण भौतिकीत सापडते. पटलाचे आणि वेटोळ्याचे वस्तुमान एका वारंवारतेनंतर वरचढ होते आणि तेथून प्रत्येक सप्तकाला ध्वनिशक्ती सहा डेसिबेलने घटते. डी. बी. कील यांनी १९७७ च्या निबंधात हे बिंदू ड्रायव्हरच्या गुणधर्मांवरून कसे काढावेत ते दाखवले. मोठ्या ड्रायव्हरमध्ये तो ३,५०० हर्ट्झच्या आसपास येतो. त्यापुढे वाजवता येते, पण विद्युत भरपाई करून. मधल्या ड्रायव्हरला जितके मोठे आणि खाली जाण्यास समर्थ करावे, तितका तो वरच्या टोकाला जड होतो. क्लिप्श यांचा स्वतःचा कल स्पष्ट होता. एकाच पटलावर दोन दूरचे स्वर वाजवले की ते एकमेकांना गढूळ करतात, या दोषावर त्यांनी १९६९ पासून निबंधमाला लिहिली. पट्टा अरुंद ठेवावा आणि पटल कमी हलवावे, हा त्यांचा आग्रह होता. शीअरर यांचा आग्रह शिवणी कमी ठेवण्याचा होता. दोघांचेही बरोबर होते. फरक ऐकणाऱ्याच्या अंतरात आहे. पडद्यापासून वीस मीटरवर बसलेल्याला तीन मुखांचे स्वर आपोआप एकजीव होऊन मिळतात, खोलीत तीन मीटरवर बसलेल्याला तसे मिळत नाहीत. तरीही घरात तीन आणि चित्रपटगृहात दोन भाग रूढ झाले, हे काहीसे उफराटेच म्हणावे लागेल.

दिशेचा नवा निकष

१९७० च्या दशकापर्यंत मध्यपट्ट्याच्या सीमेची चर्चा आकार, हालचाल आणि विकृती यांभोवती फिरत होती. कील यांनी १९७५ मध्ये घातांकी कर्ण्याच्या पावित्र्यावरच प्रश्नचिन्ह लावले. घातांकी कर्णा वारंवारता वाढेल तसा ध्वनीचा झोत अरुंद करतो, त्यामुळे कडेच्या खुर्चीतील प्रेक्षकाला वरचे स्वर कमी मिळतात. झोताचा कोन कायम राखायचा तर मुखाची रुंदी किती हवी, याचे त्यांनी दिलेले सूत्र असे : रुंदी, कोन आणि खालची वारंवारता यांचा गुणाकार ठरलेला आहे. ९० अंशांचा झोत ५०० हर्ट्झपर्यंत टिकवायचा तर मुख सुमारे ५६ सेंटिमीटर रुंद लागते; ३०० हर्ट्झपर्यंत ते ९४ सेंटिमीटर होते. केवळ भार घालण्यासाठी २२ सेंटिमीटर पुरत होते, हे येथे आठवावे. पाचशेचा आकडा आता दुसऱ्याच कारणाने महाग झाला. तरीही १९८० च्या दशकात चित्रपटगृहातील नव्या दोन-भागी यंत्रणा मोठ्या कर्ण्यांसह याच आकड्यावर राहिल्या. १९८३ मध्ये सुरू झालेल्या टी.एच.एक्स. योजनेतही विभाजन ५०० हर्ट्झलाच ठरले.

शिवण तेथून हलवण्याचे प्रयत्न दोन दिशांनी झाले. एक दिशा मध्यपट्ट्यासाठी धातूचे पटल सोडून कागदी शंकूचा ड्रायव्हर कर्ण्यावर बसवण्याची. शंकू अधिक हलू शकतो, म्हणून तो खाली जातो, आणि त्याचा कंठ रुंद असल्याने हवेची विकृतीही कमी होते. मैफलींच्या फिरत्या यंत्रणांनी ही वाट धरली. हौशी बांधणाऱ्यांसाठी ब्रूस एडगर यांनी १९८६ मध्ये ३०० हर्ट्झ छेद-वारंवारतेच्या ट्रॅक्ट्रिक्स कर्ण्याची रचना प्रसिद्ध केली. ट्रॅक्ट्रिक्स हा वक्र पॉल व्हॉइट यांनी १९२० च्या दशकातच कर्ण्यासाठी वापरला होता, पण त्याला दिवस आले ते साठ वर्षांनी.

दुसरी दिशा टॉम डॅन्ली आणि ब्रॅडफर्ड स्कुरन यांच्या २००२ मध्ये मंजूर झालेल्या पेटंटची. तीत वरचे, मधले आणि खालचे ड्रायव्हर वेगवेगळ्या कर्ण्यांवर नसून एकाच कर्ण्यात बसवलेले असतात. वरचा ड्रायव्हर कंठाशी असतो, तर मधले भिंतींतील छिद्रांतून थोडे पुढे आपला आवाज सोडतात. छिद्रे विभाजन-वारंवारतेच्या पाव तरंगलांबीच्या आत राखली की दोन्हींचे तरंग एकाच मुखातून, एकाच वेळी बाहेर पडतात. १,००० हर्ट्झच्या विभाजनासाठी ही मर्यादा साडेआठ सेंटिमीटरची होते.